शोधाचाही सातबारा असतो

शेताच्या बांधावरून भाऊबंदकी उभी राहिल्याचे आपण सर्वांनीच पाहिले आहे. वीतभर जमिनीसाठी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, मोजणी आणतात, फेरफार काढतात आणि सातबाऱ्याचे उतारे ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवतात. जमीन ही मिळकत आहे आणि मिळकतीला कागद लागतो, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

पण त्याच जमिनीत राबताना शेतकऱ्याच्या डोक्यातून जे निघते त्याचा कागद कुठे असतो? कुणी वर्षानुवर्षे कणसे निवडून ज्वारीचे बी सुधारलेले असते. कुणी लोहाराकडे बसून कोळप्याची पास आपल्या रानाला जुळेल अशी वाकवून घेतलेली असते. एखाद्या माउलीने वालाचे, घेवड्याचे जुने बी राखेत घोळून, मडक्यात ठेवून चाळीस वर्षे जिवंत ठेवलेले असते. शेजारी येतो, मूठभर बी मागतो, आपण देतो. ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. मात्र मूठभर बी जेव्हा शेजाऱ्याच्या ओट्यातून व्यापाऱ्याच्या पोत्यात, कंपनीच्या पिशवीत किंवा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर जाते, तेव्हा ते कुणाचे, हा प्रश्न उभा राहतो. त्या वेळी ‘हे मी केले’ असे नुसते तोंडाने सांगून भागत नाही.

डोक्यातून निघालेल्या अशा मिळकतीला बौद्धिक संपदा म्हणतात. प्रयोगशाळेतला किंवा प्रक्षेत्रावरचा शोध करार करून कारखान्यापर्यंत आणि तिथून शेतापर्यंत पोहोचविणे, याला तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात. ही नावे जड आहेत, पण व्यवहार साधा आहे. आज कृषी विद्यापीठांत हा विषय शिकविला जातो. तो काय आहे, आपल्या घराशी त्याचा संबंध कसा येतो आणि कृषी महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो मन लावून का शिकावा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

एका विद्यापीठाच्या तीन गोष्टी

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. दूधदुभत्याचा मुलूख, घरोघरी गाई. तिथल्या मॅडिसन शहरातील विद्यापीठात घडलेल्या तीन गोष्टी या विषयाची बाराखडीच समजाव्यात.

पहिली गोष्ट स्टीफन बॅबकॉक यांची. दुधात लोणी किती, यावरून गवळी आणि डेअरीवाला यांच्यात रोज वाद होत असे. ज्याच्या गाईचे दूध सकस त्याला आणि जो पाणी घालतो त्याला सारखाच भाव मिळे. बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत काढली. दुधात गंधकाम्ल घालून नळी गरगर फिरवायची आणि वर आलेली चरबी मापाच्या रेघांवर वाचायची. या रीतीवर त्यांनी पेटंट घेतले नाही. ती सर्वांना मोकळी दिली आणि ती देशोदेशी पसरली. आज आपल्या दूध संस्थेत ‘फॅट’ लावून दर मिळतो, त्यामागचा विचार हाच.

दुसरी गोष्ट हॅरी स्टीनबॉक यांची. हेही शेतकऱ्याच्या घरातले. मुडदूस झालेल्या मुलांचे पाय फेंगडे होत, हाडे वाकत. स्टीनबॉक यांनी १९२४ च्या सुमारास दाखवून दिले की, अन्नावर अतिनील किरण सोडले तर त्यात ड जीवनसत्त्व तयार होते आणि मुडदूस टळतो. क्वेकर ओट्स नावाच्या मोठ्या कंपनीने हा शोध आपल्यालाच मिळावा म्हणून मोठी रक्कम देऊ केली. स्टीनबॉक यांनी ती नाकारली. त्यांनी पदरचे पैसे घालून पेटंटसाठी अर्ज केला आणि शोध विद्यापीठाच्या कामी यावा असे ठरविले. त्यासाठी १९२५ साली विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी एक स्वतंत्र विश्वस्त संस्था काढली. ती संस्था कंपन्यांना परवाने देई, आलेला पैसा पुन्हा संशोधनाला लावी. विद्यापीठाने शोधाचा व्यवहार कसा करावा, याचा हा जगातला एक जुना आणि मोठा नमुना.

मग बॅबकॉक चुकले आणि स्टीनबॉक शहाणे, असे समजायचे का? तसे नाही. दूध मोजण्याची रीत जितक्या जास्त लोकांनी वापरावी तितका तिचा उपयोग मोठा, म्हणून ती मोकळी सोडणेच बरोबर होते. अन्नावर किरण सोडण्याची रीत मोकळी सोडली असती, तर कुणीही निकृष्ट माल ‘जीवनसत्त्वयुक्त’ म्हणून विकला असता. कुठला शोध गावविहिरीसारखा खुला ठेवायचा आणि कुठल्या शोधाला बांध घालायचा, हे ठरविणे हीच बौद्धिक संपदेची व्यूहरचना.

या बांधाचाही अतिरेक होऊ शकतो, तोही याच गोष्टीत दिसतो. दूध-लोण्याच्या धंद्याला धक्का बसू नये म्हणून त्या संस्थेने कृत्रिम लोण्याच्या, म्हणजे मार्गारिनच्या, कारखानदारांना परवाना दिला नाही. पण मार्गारिन हे गरिबांचे खाणे होते आणि मुडदुसाची गरज त्यांच्याच मुलांना अधिक होती. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकन न्यायालयाने या वागण्यावर बोट ठेवले आणि ती पेटंटे रद्द ठरविली. हक्काचा कागद हाती असला, तरी तो कसा वापरावा याची बुद्धीही हवी.

तिसरी गोष्ट तर थेट गोठ्यातली आहे. १९३३ च्या हिवाळ्यात, बर्फाचे वादळ चालू असताना, एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठणारे रक्त आणि सडलेला चारा गाडीत घालून शेकडो किलोमीटरवरून मॅडिसनला आला. त्याची जनावरे आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत होती. चारा होता ‘स्वीट क्लोव्हर’ या द्विदल गवताचा, ओलीने बुरसलेला. कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने ते रक्त आणि तो चारा घेतला आणि सहकाऱ्यांसह सहा वर्षे खपून १९३९ साली त्यातला रक्त न गोठू देणारा पदार्थ वेगळा काढला. त्याच घराण्यातला आणखी जालीम पदार्थ १९४८ साली उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आला. पुढे १९५४ पासून तोच पदार्थ मोजक्या मात्रेत माणसांना, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिला जाऊ लागला. त्याचे नाव वॉरफरीन. या नावातला ‘वॉर्फ’ म्हणजे त्या विश्वस्त संस्थेच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे.

औषधाच्या नावात संस्थेचे नाव आले. ज्याने मेलेली कालवड आणि रक्ताचा कॅन विद्यापीठाच्या दारी आणला, त्या शेतकऱ्याचे नाव त्यात नाही. ही गोष्ट इथेच ध्यानात ठेवावी, कारण तशीच एक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात घडली आहे.

नांदेड गावचा धान

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. मराठवाड्यातले नांदेड ते वेगळे. या गावी दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी राहात. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल ३’ हा धान उभा होता. त्यात त्यांना पिवळसर रंगाच्या तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. दुसरा असता तर विळा मारून पुढे गेला असता. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपले, दुसऱ्या वर्षी वेगळे पेरले, पुन्हा निवडले. असे वर्षामागून वर्ष करून बारीक दाण्याचा, चवीला उत्तम, उताराही चांगला देणारा धान तयार केला.

बी गावात पसरले, मग बाजारात गेले. वाणाला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीचे घड्याळ लोकांच्या मोठ्या आवडीचे होते, म्हणून व्यापाऱ्याने या धानाला ‘एचएमटी’ म्हटले आणि तेच नाव पडले. पूर्व विदर्भातून हा तांदूळ शेजारच्या राज्यांत गेला. आजही शहरातल्या दुकानात ‘एचएमटी’ तांदूळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो घड्याळाच्या कंपनीचा नसून नांदेडच्या एका शेतकऱ्याचा आहे, हे ठाऊक नसते.

१९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या धानाचे बियाणे नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे असे की, आम्ही बियाण्याचे शुद्धीकरण करून ते सुधारले. दादाजींचे म्हणणे असे की, मूळ निवड माझी, तिचे श्रेय मला मिळावयास हवे होते. शुद्धीकरण हे काम खरेच आहे आणि मूळ निवड हेही काम खरेच आहे. कुणाचे किती, हे लिहून ठेवण्याची रीतच तेव्हा नव्हती. वाणावर शेतकऱ्याचा हक्क मानणारा कायदाही नव्हता.

पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींच्या कामाची दखल घेतली आणि २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ या मासिकाने त्यांचे नाव घेतले. दादाजींनी नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, डीआरके असे आणखीही वाण निवडले. ३ जून २०१८ रोजी ते वारले. मानसन्मान झाला, पण त्यांचा धान हजारो एकरांवर पेरला जात असताना त्यांचे घर गरिबीतच राहिले. सन्मान ही एक गोष्ट आणि मिळकतीतला वाटा ही दुसरी. आपल्या मुलांना यातला फरक कळला पाहिजे.

कागद तीन प्रकारचे

आता कायदा आहे. शेतकऱ्याच्या कामाचे असे तीन कागद मुख्यतः सांगता येतील.

पहिला वाणाचा. ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा’ २००१ साली झाला आणि तो राबविणारे प्राधिकरण २००५ साली दिल्लीत सुरू झाले. नवीन वाण काढणाऱ्याला त्यात हक्क मिळतो. झाडे आणि वेली यांना जास्तीत जास्त १८ वर्षे, इतर पिकांना १५ वर्षे. वाण इतरांहून वेगळा ओळखू यावा, त्याची सर्व झाडे सारखी असावीत आणि पिढ्यान् पिढ्या तो तसाच राहावा, या कसोट्या लावतात. शेतकऱ्याने काढलेल्या किंवा परंपरेने जपलेल्या वाणाचीही नोंदणी होते आणि त्यासाठी शेतकऱ्याला फी पडत नाही. शेतकऱ्याचा वाण वापरून कुणी त्याच्यापासून दुसरा वाण काढला, तर शेतकऱ्याची संमती घ्यावी लागते. अर्ज करणाऱ्याने मूळ बियाणे कोठून आणले ते सांगावे लागते. जुने वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना आणि गावांना प्राधिकरण पुरस्कारही देते.

याच कायद्याचे ३९ वे कलम प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावे असे आहे. नोंदणी झालेल्या वाणाचे बी शेतकरी स्वतः धरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, बदल्यात घेऊ शकतो, विकूही शकतो. अट एकच, कंपनीचे नाव आणि खूण लावून पिशवीबंद बियाणे म्हणून विकावयाचे नाही. शिवाय कंपनीने वाणाच्या उताऱ्याची जी हमी दिली ती ठरलेल्या परिस्थितीत पुरी झाली नाही, तर नुकसानभरपाई मागण्याची सोयही याच कलमात आहे.

हे कलम नुसते पुस्तकात नाही. २०१९ साली गुजरातमध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणावरून काही शेतकऱ्यांवर दावे लावले. चार शेतकऱ्यांकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपये मागितले. देशभर गवगवा झाला, शेतकऱ्यांच्या बाजूने हेच ३९ वे कलम पुढे ठेवण्यात आले आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एक सदस्यीय पीठाने तो निर्णय कायम ठेवला आणि जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरविला. म्हणजे कंपनीचा वाणावरचा हक्क आणि शेतकऱ्याचा बी धरण्याचा हक्क, हे दोन्ही एकाच कायद्यात आहेत. त्यांच्यातली हद्द ज्याला ठाऊक, तो नोटीस आली म्हणून घाबरणार नाही.

दुसरा कागद पेटंटचा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे वनस्पती, बियाणे किंवा शेती करण्याची पद्धत यांवर पेटंट मिळत नाही. यंत्रावर, अवजारावर मिळते. मात्र त्यात काहीतरी खरोखर नवे आणि सहज न सुचणारे पाहिजे. मुदत २० वर्षांची, आणि ती टिकविण्यासाठी नूतनीकरणाची फी भरत राहावे लागते. ज्या देशात पेटंट घेतले त्याच देशात ते चालते. त्याच्या बदल्यात शोधाची सगळी कृती कागदावर उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती सर्वांची होते.

तिसरा कागद भौगोलिक मानांकनाचा. हा कुणा एकाचा नसतो. त्या मुलखातल्या सर्व उत्पादकांचा असतो. याचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. नागपूरची संत्री, नाशिकची द्राक्षे, जळगावची केळी, सोलापूरचे डाळिंब, कोल्हापूरचा गूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, वायगावची हळद, कोकणचा हापूस यांना तो मिळाला आहे. मानांकन गावाच्या नावाला मिळते, पण ते वापरायचे तर शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करावी लागते. पुष्कळ ठिकाणी मानांकन मिळाल्याचे पेढे वाटले जातात आणि नोंद करावयाची तेवढी राहून जाते.

खंड, बटाई आणि खरेदीखत

विद्यापीठाने वाण किंवा यंत्र तयार केले, पुढे काय? विद्यापीठ काही कारखाना चालवीत नाही. एक प्रात्यक्षिक यंत्र प्रदर्शनात ठेवून ते लाखो शेतांवर जात नाही. त्यासाठी कुणी बनविणारा, विकणारा, दुरुस्ती करणारा हवा. त्याच्याशी करार करावा लागतो. हा करार शेतकऱ्याला समजायला अवघड नाही, कारण जमिनीचे असेच व्यवहार आपण करतो.

जमीन कायमची दुसऱ्याच्या नावे करून दिली म्हणजे खरेदीखत. शोधाचेही तसे होते. एकदा लिहून दिला की मालकी गेली. जमीन ठरावीक रकमेवर वर्षाच्या बोलीने दिली म्हणजे खंड. शोधाच्या परवान्यातही सुरुवातीला एकरकमी फी घेतात. आणि पीक येईल त्यात वाटा ठरविला म्हणजे बटाई. शोधाच्या व्यवहारात विकलेल्या प्रत्येक नगामागे किंवा पोत्यामागे ठरलेला वाटा मिळतो, त्याला स्वामित्वधन म्हणतात. पुष्कळ करारांत थोडा खंड आणि थोडी बटाई असे दोन्ही असते.

आणखी एक मोठा प्रश्न असतो. परवाना एकाच कंपनीला द्यायचा, की येईल त्या सर्वांना? एकालाच दिला तर तो मन लावून भांडवल घालतो, पण भाव त्याच्या हाती जातो. अनेकांना दिला तर स्पर्धेने भाव उतरतो, पण कधीकधी कुणीच जबाबदारीने माल काढीत नाही. महागड्या यंत्रासाठी, ज्याचा कारखाना उभारण्यातच मोठा खर्च आहे, पहिला मार्ग बरा पडेल. भाताच्या किंवा हरभऱ्याच्या सरळ वाणासाठी, ज्याचे बी घरोघरी लागते, दुसरा मार्ग हवा. हा निर्णय विद्यापीठाच्या कचेरीत होतो, पण त्याची किंमत शेतकरी बियाण्याच्या पिशवीवर मोजतो. म्हणून तिथे बसणारा माणूस नुसता कायदा जाणणारा असून चालत नाही. त्याला पेरणीची घाई, उधारीचे बियाणे आणि दुबार पेरणीचे दुखणे ठाऊक पाहिजे. असा माणूस शेतकऱ्याच्या घरातूनच यावयास हवा.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००६ साली आपल्या संस्थांसाठी बौद्धिक संपदा आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाची नियमावली केली. संस्थांमध्ये त्यासाठी वेगळे कक्ष उघडले. मिळालेल्या उत्पन्नातला वाटा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञांनाही देण्याची तरतूद झाली. २०११ साली ‘अॅग्रिनोव्हेट इंडिया’ ही सरकारी कंपनी याच कामासाठी निघाली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठेही वाण आणि अवजारांचे करार करतात.

महाविद्यालयात काय शिकवतात

बी.एस्सी. कृषीच्या अभ्यासक्रमात बौद्धिक संपदा हक्क हा विषय आला आहे, आठवड्याला एका तासाचा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही तो शिकावा लागतो. विषय छोटा म्हणून पुष्कळ मुले परीक्षेपुरती टिपणे वाचून मोकळी होतात. माझे मत विचाराल तर हा सर्वांत अधिक उपयोगी पडणाऱ्या विषयांपैकी एक आहे. मात्र तो फळ्यावर शिकून येत नाही. पेटंटचा खरा अर्ज वाचावा, वाणाच्या नोंदणीचा नमुना आपल्या गावच्या वाणासाठी भरून पाहावा, परवान्याचा करार घेऊन त्यातले प्रत्येक कलम शेतकऱ्याच्या आणि कारखानदाराच्या बाजूने तपासावे. बैल न जुंपता नांगरणी शिकता येत नाही, तसेच हे आहे.

या शिक्षणातला पहिला धडा असा : आधी अर्ज, मग बोभाटा. संशोधन करणारी मुले उत्साहाने प्रबंध छापतात, प्रदर्शनात यंत्र मांडतात, वर्तमानपत्रात फोटो देतात. शोध एकदा चारचौघांत उघड झाला की तो नवा राहात नाही आणि पेटंट बहुतेक हातचे जाते.

दुसरा धडा जुने लेख शोधण्याचा. आपण नवे म्हणतो ते कुणी आधी केले आहे का, हे पेटंटच्या दफ्तरात पाहता येते. हे काम मुलांना येत असेल तर दोन वर्षांची मेहनत वाया जात नाही. मुदत संपलेली पेटंटे तर फुकटची शिदोरीच. त्यातली कृती कुणीही वापरावी.

तिसरा धडा पुराव्याचा. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरून येते या गोष्टीवर पेटंट दिले गेले होते. आपल्या घरात जे कालपरवाच्या पोरालाही ठाऊक, त्यावर! मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पण कशाच्या जोरावर? ‘आमच्या आज्या हळद लावीत’ एवढ्याने नव्हे. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले, तेव्हा. आजीबाईच्या बटव्यातले ज्ञान खरे असते, पण कचेरीत लेखी लागते.

या विषयात पुढे जाण्यास वाटाही आहेत. नागपूरला केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. हैदराबादच्या ‘नार्म’ या कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमीने कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापनाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम चालविला आहे. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असलेल्या २१ वर्षांवरील भारतीय नागरिकाला पेटंट एजंटाची परीक्षा देता येते; त्याला वकिलीची पदवी लागत नाही. कृषी पदवी घेऊन केवळ स्पर्धा परीक्षेकडे डोळे लावून बसलेल्या मुलामुलींनी या वाटेचा विचार जरूर करावा. मुलींना तर हे काम विशेष साधावे असे मला वाटते. घराघरांत बी कुणी जपले याची खरी माहिती चुलीपाशी मिळते, चावडीवर नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. अशा बायकांजवळच्या ठेव्याची नोंद करणारी शिकलेली लेक गावोगाव हवी.

घरच्या घरी करावयाच्या गोष्टी

शिकलेली पिढी तयार होईल तेव्हा होईल. तोपर्यंत प्रत्येक घराने पुढील गोष्टी कराव्यात.

एक : वेगळे रोप, वेगळी लोंबी, वेगळे फळ दिसले तर खूण बांधून ठेवावी, त्याचे बी वेगळे धरावे आणि वेगळ्या ओळीत पेरावे.

दोन : एक वही करावी. त्यात तारीख, गट नंबर, काय वेगळे दिसले, उंची, फुलोऱ्याचा दिवस, काढणीचा दिवस, उतारा लिहावा. दरवर्षी फोटो काढावा. वहीवर ग्रामसेवक, कृषी सहायक किंवा शिक्षक यांची तारखेसह सही घ्यावी. हाच त्या वाणाचा पहिला सातबारा.

तीन : शेजाऱ्याला पेरायला बी जरूर द्यावे. मात्र कंपनीचा माणूस, व्यापारी, संस्था किंवा शास्त्रज्ञ तपासणीसाठी बी मागेल, तर किती दिले, कशासाठी दिले, कुणाच्या नावे नोंदले जाईल, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. सरळ माणूस अशा कागदाला नाही म्हणत नाही.

चार : नवे अवजार केले असेल तर प्रदर्शनात मांडण्याआधी सल्ला घ्यावा.

पाच : वाण नोंदवायचा असेल तर कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे जावे. वाणाच्या प्राधिकरणाचे शाखा कार्यालय पुण्यातही आहे. एकट्याने जमत नसेल तर गट करून जावे. गावाने जपलेला वाण गावाच्या नावेही नोंदविता येतो.

सहा : विकत घेतलेल्या बियाण्याची पावती, पिशवी आणि लेबल पीक घरी येईपर्यंत जपून ठेवावे. भरपाई मागताना तोच आधार.

सात : ज्या कागदाची भाषा कळत नाही त्यावर अंगठा किंवा सही करू नये. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला तो वाचून, मराठीत समजावून सांगायला लावावा. त्याच्या शिक्षणाची परीक्षाही त्यातच होईल.

काही वाचकांना वाटेल की, बी हे देवाघरचे देणे, त्यावर हक्क कसला सांगायचा? ही भावना चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे. बॅबकॉकने आपली रीत जगाला मोकळी दिली, ती समजून उमजून दिली. आपले दान देणे आणि आपले कुणी नेले हे आपल्याला न कळणे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दान देणाऱ्याला आपल्याजवळ काय आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

या खरिपात धान पोटरीला येईल, ज्वारी निसवेल, तेव्हा घरातल्या शाळकरी मुलाला वही आणि पेन्सिल देऊन एकदा शेतातून फिरवून आणावे आणि काय वेगळे दिसते ते लिहावयास सांगावे. दादाजींना तीन लोंब्या दिसल्या होत्या. वही मात्र तेव्हा कुणी ठेवायला सांगितली नव्हती.